गप्प बसणारी गुणाची पोर

चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायला बसली की तिचा हात कधी चुकत नसे. राग मात्र कधी उसळेल याचा नेम नसे. त्या दिवशी गिऱ्हाईक ‘जरा लवकर करा की’ एवढंच म्हणालं, आणि हिनं हातातली काच फरशीवर आपटली. मालकानं तिला दुपारीच घरी पाठवलं.

घरी सासू धान्य निवडत होती. शेजारी हिची आई, चार दिवसांसाठी लेकीकडे आलेली. तेवढ्यात हिची चार वर्षांची पोर उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा फुटला. हंबरडा फोडत ती आईकडे धावली.

हिचे हात पुढे होईनात. तोंडून निघालं, “गप्प बस!”

पोर थिजली. ओठ दातांखाली दाबून भिंतीकडे बघत उभी राहिली. लहानपणी हीही अशीच उभी राहायची.

“बघ, झाली ना गप्प?” सासू म्हणाली. “जवळ घेतलं की पोरी शेफारतात. तूही अशीच वाढलीस. काय बिघडलं तुझं?”

“सगळंच बिघडलं, सासूबाई! संताप आला की आवरत नाही, रडू आलं तर फुटत नाही. कुणी मायेनं बोललं तरी अंगावर काटा येतो.”

“आईसमोर असं बोलतेस?”

“आईसमोरच बोलायचंय.”

आई खाली मान घालून म्हणाली, “तू रडलीस की मी उठायचे. तुझी आजी म्हणायची, बस खाली. मी बसत गेले. पुढं पुढं तुझं रडणं मला ऐकूच येईना.”

“तू उठायला हवं होतंस, आई.”

“हो गं. हवं होतं.”

ही पोरीपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिला कवेत ओढलं, अगदी अवघडून. पोर आधी ताठ राहिली. मग एक हुंदका आला आणि ती मोकळी रडू लागली.

“पुरे आता,” सासू करवादली.

“पुरे कधी, ते तीच ठरवेल. या घरात रडणाऱ्या पोरीला यापुढं कुणी गप्प करायचं नाही. तुम्ही नाही, मीही नाही!”

एका दुपारीत तीस वर्षं धुऊन निघत नाहीत. पुढंही तिचा आवाज चढलाच. पण चढला की ती पोरीजवळ बसून सांगे, “चुकलं माझं. ये.”

आणि आपण? आपल्या घरातली जी पोर कधीच रडत नाही, तिला गुणाची म्हणून किती दिवस मिरवणार आहोत?