गाडी दिसली की

वळणावर दारू पकडणाऱ्या एक्साइज खात्याची जीप दिसली आणि साळूबाईंनी पाण्याचा हंडा चुलीवर उपडा केला. मग आंबलेल्या मोहाच्या फुलांचं मडकं उचलून मागच्या ओहोळात रिकामं केलं. एरवी गुडघे धरून उठणारी बाई, पण अशी काही चपळाई की बघत राहावं.

सून पूजा धावत आली तोवर सगळ्या ओहोळाला वास सुटला होता.

"आत्या, काय केलं हे? आज आपणच बोलावलंय त्यांना."

साळूबाईंनी जीपकडे पाहिलं, हातातल्या मडक्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

पेठच्या डोंगरातल्या या पाड्यावरून दिवाळीनंतर माणसं द्राक्षबागांवर कामाला जातात. पूजाही जायची, लेकरं आजीपाशी ठेवून. त्या द्राक्षांची वाइन होते. शहरातली मंडळी गाड्या करून येतात, ऐटीत ती चाखतात, फोटो काढतात. साळूबाई मोहाची काढायच्या ती मात्र हातभट्टी. तिच्या नशिबी फोटो नाही, पंचनामा. यंदा बायकांच्या बचत गटाने मोहाच्या दारूच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. परवाना मिळाला तर पूजा घरीच राहणार होती. साहेब आज नमुना बघायला येणार होते, आणि नमुना ओहोळातून वाहून गेला होता.

साहेब उतरले. ओली राख बघून त्यांचा चेहरा आंबट झाला. रिकामं मडकं बघून मी सही कशी करू, असं ते म्हणाले, आणि त्यांचंही खरंच होतं. पूजा गयावया करू लागली. साळूबाईंना ते बघवेना. पदराला हात पुसत त्या उठल्या.

"साहेब, चूक माझी हाय. पण गाडी दिसली का हात आपसूक चालत्यात. तुमच्याच खात्यानं लावलेली सवय हाय ती."

साहेब हसले, मग हसल्याचं त्यांनाच वाईट वाटलं असावं. पुढच्या आठवड्यात परत येतो म्हणाले. जाताना वळून बोलले, "आजी, तेव्हा ओतू नका मात्र."

आठवडाभर साळूबाईंना धास्ती होती ती साहेबांची नव्हे, स्वतःच्या हातांची. हंडा दुसरीकडे ठेवू का, असं पूजाने विचारून पाहिलं. त्या नको म्हणाल्या.

ठरल्या दिवशी चूल पेटली, नळीतून बारीक धार सुरू झाली. आणि वळणावर जीप दिसली.

साळूबाईंचा हात हंड्याकडे गेलाच. पूजाने त्यांना अडवलं नाही. साळूबाई क्षणभर तशाच वाकून थांबल्या. मग त्यांनी शेजारचा तांब्या घेतला, हंड्यात बुडवला, पदराने पुसला आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. तांब्यातलं थोडं पाणी सांडलं.

"लांबून आले साहेब," त्या म्हणाल्या, "आधी पाणी घ्या."

मागे चूल जळत होती.