सात वेढ्यांची सहाण

मी एक जुनी सहाण आहे आणि माझी निर्दोष सुटका झाली आहे. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आत्मवृत्त जन्मापासून सांगायचं असतं, निकालापासून नाही.

तर माझा जन्म डोंगरात झाला. त्यात माझी काही चूक नव्हती. पाथरवटाने मला गोल घडवलं आणि तासगावजवळच्या एका गावात हरणाबाईंच्या सासूने जोंधळे देऊन मला घरी आणलं. माझं काम एकच. गरोदर बाईसाठी एक मुळी माझ्यावर दुधात उगाळायची. मुळीचं नाव सांगत नाही, तुम्ही उगाळून बघाल. माप ठरलेलं, सात वेढे, म्हणजे माझ्यावर मुळीचे सात फेरे. सासूने सात घेतले, हरणाबाईही सातच घेत. साठ वर्षांत मी इतकी गुळगुळीत झाले की सात वेढ्यांत दुधाला जेमतेम रंग यायचा. पोरं धडधाकट जन्मायची आणि नाव मुळीचं व्हायचं. खरं म्हणजे मुळी पोटात जवळजवळ जातच नव्हती.

गेल्या वर्षी दारावर टाकीवाली आली, छिन्नीने टाके मारून गुळगुळीत झालेले पाटे खरखरीत करून देणारी. पाट्याला टाकी लावून झाल्यावर हरणाबाई तिला म्हणाल्या, "हिलाबी चार टाकं मार गं. म्हातारी झाली." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी काळजी घेतली. मी काटेरी, खरखरीत झाले. खूश झाले, हेही कबूल करते.

चारच दिवसांनी हरणाबाईंनी नातसुनेसाठी, स्वप्नालीसाठी, मुळी उगाळली. तिला पाचवा महिना होता. वेढे सातच, पण दूध पिठल्यासारखं दाट झालं. "यंदा मुळी लय गुणाची हाय," हरणाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्वप्नालीला कळा सुरू झाल्या. मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली, बाळ आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मुळी तपासायला पाठवायला लावली. अर्जात एक रकाना होता : मात्रा, मिलिग्रॅममध्ये. स्वप्नालीच्या नवऱ्याने, सूरजने, आजीला माप विचारलं. आजी म्हणाली सात. त्याने सात लिहिलं. मुळी प्रयोगशाळेत गेली, मी फळीवरच राहिले. दगडाची साक्ष कोण घेतं?

चार महिन्यांनी शिक्क्याचा कागद आला. भेसळ नाही, सात मिलिग्रॅम मात्रेत अपाय आढळला नाही. सूरजने तो चौकटीत बसवून बरोबर माझ्या डोक्यावर टांगला. आता कोरेगाव-मलकापूरहून बायका येतात, आधी कागदाला हात जोडतात, मग दूध पितात. पुढे काय झालं ते सांगायला कुणी परत येत नाही.

स्वप्नालीला पुन्हा दिवस गेले आहेत. परवा मला पुसताना तिचं बोट खरचटलं. तिने माझ्यावरून पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाली, "आज्जी, ह्या खेपंला जरा मोजून द्या."

"तवाबी मोजूनच दिलं हुतं गं पोरी," हरणाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

उद्या सकाळी देणार आहेत.

मित्रांनो, जुनं ते सोनं म्हणतात. मी जुनी आहे, पण दगड आहे. मला जपू नका, तपासा.

सबब मा. तपासणी अधिकारी यांस विनंती की, अर्जदार सहाणीचा एक वेढा म्हणजे किती, हे मोजून लेखी कळवावे. अर्जदारास चालता येत नसल्याने उचलून नेण्याची व्यवस्था व्हावी. वजन अंदाजे दोन किलो. निकाल उद्या सकाळी दूध तापण्यापूर्वी मिळावा.