सुट्टीच्या दिवसाची गोळी

कात्री उघडली! मिटली! पुन्हा उघडली! हे खिडकीपाशी उभे राहून हवेतच केस कापत होते, आणि मी तोंडात ब्रश धरून नुसती बघत राहिले. दोन वर्षं ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, तो माणूस!

आमचे हे न्हावी. सांधे सुजले, बोटं आखडली आणि दुकान धाकट्या दिरांच्या हाती गेलं. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं असा हा आजार, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि मेथोट्रेक्सेटची गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. मळमळेल, तोंड येईल, केसही थोडे गळतील.

"न्हाव्याचेच?" हे म्हणाले. बाई हसल्या, पण दर महिन्याला रक्त तपासायला यायचंच, असं बजावून त्यांनी सोडलं. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं म्हणे.

वार विसरायला नको म्हणून मीच शक्कल काढली होती: दुकान बंद, तो गोळीचा दिवस. म्हणजे सोमवार.

कात्री चालली तो मंगळवार. दुकानात नवी फरशी बसत होती, म्हणून चार दिवस कुलूप. हे शीळ घालत स्वयंपाकघरात आले आणि गोळी काढून थेट जिभेवर ठेवली.

"अहो! कालच घेतलीत ना?"

"दुकान आजही बंद आहे," हे ऐटीत म्हणाले.

"थुंका! आत्ताच्या आत्ता थुंका!" मी ओरडले आणि गाल धरून तोंडात बोटच घातलं. गोळी ओट्यावर पडली. चूळ भरायला लावली, लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गिळली नाही तर चिंता नाही, पण रोज घेतली असती तर जिवावर बेतलं असतं, बाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि मी जी सुटले! "एवढं साधं कळू नये?"

"तूच म्हणालीस ना, दुकान बंद की गोळी," हे पुटपुटले.

खरंच की, मीच म्हणाले होते. मग मात्र रडूच फुटलं. "बोटं नाही चालली तरी चालेल हो मला. तुम्ही हवे आहात!"

ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि दाबला, असा गच्च दाबला की कळ पार कोपरापर्यंत गेली.

"आणखी जोरात," मी म्हणाले.