ह्यूची पाठ

“बाबा, आर यू सीरियस?” आन्या जिन्यातच थबकली.

शनिवारची टळटळीत दुपार, अमेरिकेतल्या कॅरी गावाचा उकाडा, आणि डायनिंग टेबलाशी गुरुदत्त चक्क काळा झगा घालून बसलेला. वर कॉलेजचा रुंद बाह्यांचा गाऊन, खाली हाफ पँट, समोर वरणभात.

“काही बोलू नकोस गं त्याला,” प्रीता लेकीला म्हणाली. “आज तिकडे डिनर आहे.”

गुरुदत्त मूळचा अकोल्याचा. तरुणपणी स्कॉलरशिप मिळवून इंग्लंडमधल्या एका शेकडो वर्षं जुन्या कॉलेजात वर्षभर राहिला, आणि त्या एका वर्षानं माणूस कायमचा बिघडला. पुढे नोकरीसाठी अमेरिकेत आला, लग्न झालं, लेक झाली, पण कॉलेज काही डोक्यातून उतरलं नाही. तिथल्या हिरवळीवर फक्त प्राध्यापकांनीच चालायचं, म्हणून हा बुवा स्वतःच्या लॉनलाही वळसा घालून कचऱ्याचा डबा नेतो! तिथे जेवणाआधी लॅटिन प्रार्थना, म्हणून इथे पोळ्या गार होईपर्यंत याचं पुटपुटणं चालू. ओळखीची मराठी मंडळी गालातल्या गालात हसतात. हसेनात का बापडी.

दर दहा वर्षांनी कॉलेज आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना त्याच हॉलमध्ये जेवायला बोलावतं. मागच्या खेपेला आन्याचा जन्म तोंडावर आला होता. यंदा मात्र त्यानं हट्टानं तिकीट काढलं. कॉलेजच्या त्या वर्षी शेजारच्या खोलीत राहणारा ह्यू रोज जेवायला याच्याच बाजूला बसायचा. आताही दोघांनी लागून जागा मागून घेतल्या होत्या. आणि गेल्या आठवड्यात वकिलाचा फोन आला. ग्रीन कार्ड रांगेतच, पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. देशाबाहेर पडलात तर परत कधी येऊ देतील, सांगता येत नाही, म्हणे. नोकरी, घर, आन्याची शाळा, सगळं इथे. गुरुदत्तनं मुकाट्यानं तिकीट कॅन्सल केलं. त्याला फार जायचं होतं हो. नुसता जीव तुटत होता.

“पुढच्या वेळी नक्की जाशील, गुरू,” प्रीता तूप वाढत म्हणाली. “तोवर येईल की कार्ड.”

“हो, जाईन की,” तो म्हणाला. मग घड्याळाकडे बघून त्यानं मान हलवली. “तिकडे रात्र झाली. आता प्याला फिरायला लागला असेल.”

“व्हॉट प्याला?” आन्यानं विचारलं.

“दोन कानांचा, चांदीचा, हा एवढा मोठा! एकेकानं उभं राहून त्यातून प्यायचं. पिताना दोन्ही हात गुंतलेले असतात ना? जुन्या काळी तेवढ्यात मागून कोणी सुरा खुपसायचा. म्हणून शेजारच्यानं उठायचं, त्याच्या पाठीला पाठ लावायची आणि त्याचं पिऊन होईपर्यंत पहारा द्यायचा. अजूनही देतात.”

“सो कूल! मग ह्यूला कोण गार्ड करतं?”

गुरुदत्तचा घास हातातच राहिला.

“मी,” तो म्हणाला. “तो टेबलाच्या टोकाला बसतो. त्याच्या बाजूला फक्त मीच.”

मग तो उठला, बेसिनवर हात धुतले, गाऊनच्या बाह्या नीट केल्या. शेजारच्या रिकाम्या खुर्चीमागे गेला, तिच्याकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून ताठ उभा राहिला.

आन्याला आलेलं हसू तिथल्या तिथे विरलं. प्रीताच्या ओठांवर काहीतरी थट्टा आली होती, तीही तिनं गिळली. त्याच्या ताटातला भात तिनं झाकून ठेवला.

“किती वेळ लागतो रे प्यायला?” तिनं हळूच विचारलं.

“ह्यू सावकाश पितो,” मागे न बघता तो म्हणाला.