पडीक लिहिलेली नाचणी

भागीचं पत्र हाशिम फकीह यांनी सात वर्षं पेटीत जपून ठेवलं होतं, उत्तर मात्र एकदाही धाडलं नव्हतं. पडघा गावापलीकडच्या डोंगरपाड्यावरून आलेलं, शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरातलं पत्र: "भाऊसाब, नाचणीची रोपं मी सोता तुमाला दावली. मंग पडीक का लिवलं? अनुदान आमाला न्हाय मिळालं."

अठ्ठ्याऐंशीच्या आषाढात तलाठी म्हणून हाशिम पीक पाहायला गेले होते. माळावर पालापाचोळा जाळून केलेल्या राबात, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यात, बोटभर हिरवी रोपं होती, बाकी जमीन उघडी. पुस्तकं वाचून शेती कळलेल्या या माणसाला वाटलं, राब म्हणजे भाताचाच. रोपं खाली कुणाच्या तरी खाचरात जाणार. डोंगरावर नाचणीचीही रोपं करून लावतात, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. भागी काहीतरी सांगत होती. पण दोन शब्द जास्त विचारायला लाजून ते नुसती मान हलवत उतरले आणि वहीत 'पडीक' लिहून मोकळे झाले. नाचणीचं सरकारी अनुदान त्या ओळीनं गेलं.

पत्र आलं तेव्हा चूक कळली. कबूल करायची तर नोकरीत ठपका. आज लिहू, उद्या लिहू करत ते निवृत्तही झाले.

पंचाण्णव साली एका मंगळवारी दुपारी, शहरात धामणकर नाक्याजवळच्या त्यांच्या दारात भागीचा भाऊ वाघ्या उभा राहिला. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

"भाऊसाब, माळ अजून पडीकच हाय!"

"अजून? माझ्यामागून तीन तलाठी आले."

"आले ना! पडघ्याला चा पिऊन गेले. वर कोन चढतंय? तुमचीच ओळ उतरवत्यात. आमी नाचणीची भाकर खातो, आन कागूद म्हंतो नाचणीच न्हाय!"

वाघ्या हसला. हाशिमना हसता येईना. तहसील कचेरीतले नवे साहेब वाघ्याला म्हणाले होते, पहिली नोंद करणाऱ्यानं चूक लेखी कळवली तर माळ पुन्हा पाहू. पण सोमवारच्या आत, त्या दिवशी अनुदानाची यादी बंद.

"भागी म्हनली, कागूद मलाच धाडा, मी सोता कचेरीत नेते. मी कशेळीच्या गोदामात कामाला, पंधरा दिस घरी जात न्हाय. आजच पोस्टात टाका."

वाघ्या ड्युटीवर गेला. हाशिम कागद घेऊन बसले. 'त्या वर्षी पाऊस फार असल्यामुळे' इथवर आले, तोच बायको आबिदा खांद्यावरून डोकावली.

"पावसाला कशाला पुढं करता?"

"पेन्शनचं काही झालं तर?"

"झालं तर झालं. तिची सात वर्षं गेलीच ना? कपाटभर पुस्तकं वाचलीत, आणि एक चिठ्ठी लिहवेना!"

त्यांनी तो कागद फाडला. नव्यावर लिहिलं: 'माळावर नाचणीची रोपं होती. मी ती भाताची समजलो आणि न विचारता पडीक लिहिलं. चूक माझी आहे.' खाली पूर्ण नाव, जुना हुद्दा, सही. मग थोडं थांबून लिहिलं, 'भागीबाई, उत्तराला उशीर झाला.'

रिक्षांमधून वाट काढत ते नाक्यावरच्या टपालपेटीपाशी आले. टपाल काढायची वेळ दोनदा वाचली, पाकिटावरचा पत्ता तीनदा. मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा, टाकताय की नाही?"

त्यांनी पाकीट आत सोडलं.