एका तासाचा गोंधळ

"ऑक्टोबर ते एप्रिल माझं पोट न्यू साउथ वेल्सच्या वेळेवर असतं आणि बाकीची मी क्वीन्सलँडच्या," आयव्ही पेन उचलता उचलता कुरकुरली. "हे लिहू का इथं?"

"नुसती सही कर," लोरना म्हणाली. "पोटाचं डॉक्टरला सांग."

"डॉक्टर बसतो तिकडं. मी माझ्या नऊला पोचते तेव्हा त्याचे दहा झालेले असतात. ती काउंटरवरची पोरगी अशी बघते, जशी काही मी पिऊन आलेय."

"कधीकधी येतेसच की," लोरनाच्या शेजारच्या खुर्चीतून तिचा नवरा रॉस म्हणाला. आयव्हीने त्याच्या खांद्यावर पेन टेकवलं आणि हसत सही केली.

बोलिंग क्लबच्या व्हरांड्यात जूनचं, हिवाळ्यातलं ऊन पाय पसरून बसलं होतं. कूलंगाटा आणि ट्वीड हेड्स ही खरं तर एकच वस्ती, मधून राज्याची सीमा गेलेली. ऑक्टोबरात उन्हाळा आला की सीमेपलीकडचं, न्यू साउथ वेल्समधलं ट्वीड हेड्स एप्रिलपर्यंत घड्याळ तासभर पुढे ढकलतं. अलीकडचं, क्वीन्सलँडमधलं कूलंगाटा ढकलत नाही. मग केस कापण्यापासून अंत्यविधीपर्यंत सगळीकडे आधी विचारून घ्यावं लागतं, तुझ्या वेळेनं की माझ्या? हे बंद करा, दोन्हीकडे बारा महिने एकच वेळ ठेवा, अशा मागणीच्या सह्या लोरना गोळा करत होती.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत लोरनाला या घड्याळांचं सोयरसुतक नव्हतं. मग रॉसने रिकामी किटली शेगडीवर जाळली. टॅन्याला, स्वतःच्या लेकीला, बहिणीच्या नावाने हाक मारली. एकदा पहाटे उठून बसड्रायव्हरचा जुना गणवेश चढवला आणि दारात उभा राहिला, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर. त्याच सुमारास तिच्या वाचनात आलं, की घड्याळ बदललं की झोप मोडते आणि झोप मोडली की माणूस विसरायला लागतो. तिने तो कागद फ्रिजवर लावला आणि दुसऱ्या दिवशी चळवळीत नाव घातलं. चळवळीला इतकी कामसू बाई आजवर मिळाली नव्हती.

आत सभागृहात घड्याळबदल आणि तब्येत यावर डॉक्टर फाम यांचं भाषण नुकतंच संपलं होतं. लोक चहा आणि लॅमिंग्टन केकचे तुकडे घेऊन बाहेर येत होते. त्या गर्दीतून टॅन्या आली. बसली नाही.

"आई, मी मिलीचं नाव शाळेच्या पाळणाघरात घातलंय. शाळा सुटल्यावरचं. शुक्रवारसाठी."

"शुक्रवारी तिचा आजोबा आणतो ना तिला."

"हो. पण आता राहू दे."

"गेल्या शुक्रवारी एकदा उशीर झाला म्हणून?"

"पोरगी तासभर ऑफिसात बसून होती गं."

"तेच म्हणतेय मी. तासभर." लोरनाने सह्यांचे कागद एकावर एक नीट ठोकले. "शाळा पलीकडं, आपल्या वेळेनं निघाला तो. सीमेवर कुणाचाही होतो असला गोंधळ. आयव्हीला विचार."

आयव्ही लॅमिंग्टनवरचं खोबरं बोटाने टिपायला लागली. टॅन्याने बापाकडे पाहिलं, मग गवताकडे, मग आईच्या कानातल्या डुलांकडे.

"असेल," ती म्हणाली. "तसंच झालं असेल. तरी पण राहू दे."

"शुक्रवार काढून घेतलास तर त्याला गाडी काढायला निमित्तच उरणार नाही."

टॅन्याने टेबलावरच्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं. ती कशासाठी आली होती ते लोरनाला तेव्हा कळलं आणि कळलं म्हणूनच तिने मान वळवली. डॉक्टर फाम समोरून चालल्या होत्या, तिने त्यांनाच हाक मारली.

"डॉक्टर, तुमच्या भाषणात हृदयाच्या झटक्यांचं आलं, झोपेचं आलं. डोक्याचं नाही आलं. हा माझा नवरा. सबंध आयुष्य या रस्त्यांवर बस चालवली त्याने, कधी मिनिटाचा उशीर नाही. या घड्याळांनी त्याचं काय केलंय ते लिहून घ्या."

डॉक्टरबाईंनी कप टेबलावर ठेवला. चाळिशीच्या, बुटक्याशा, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई. "सांगा ना," म्हणाल्या. "काय होतं?"

लोरनाने सांगितलं. किटली सांगितली, बहिणीचं नाव सांगितलं, गणवेश सांगितला. प्रत्येकाच्या शेवटी ती म्हणायची, "वेळेचा गोंधळ, दुसरं काही नाही." शेवटी तिने शुक्रवारही सांगितला, आणि टॅन्याकडे न बघता म्हणाली, "फक्त तासाचा फरक."

डॉक्टरबाई ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी तोंड उघडलं, टॅन्याकडे पाहिलं आणि मिटलं. आयव्हीने चहाच्या कपात नाक घातलं. जवळच्या हिरवळीवर कुणाचा तरी चेंडू दुसऱ्या चेंडूला लागून टक्क वाजला.

"तुम्ही त्यांना एकदा दवाखान्यात घेऊन या," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "झोपेबद्दल बोलू."

"झोपेबद्दल," लोरना म्हणाली. "बघ टॅन्या. मी काय सांगत होते?"

"हो आई."

रॉस इतका वेळ हात मांडीवर ठेवून बसला होता. गर्दीच्या थांब्यावर सगळे चढेपर्यंत थांबायचा तसाच. त्याने लोरनाच्या हातातले कागद काढून घेतले, टेबलावर ठेवले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर कप ठेवला.

"लोरना, जून चाललाय," तो म्हणाला. "एप्रिलपासून दोन्हीकडं एकच वाजतात."

ती काही म्हणणार होती, पण त्याने तिचा हात धरला.

"मी वेळेतच निघालो होतो. शाळा कुठं आहे तेच मला आठवेना."