काडीमोडीच्या कागदावर मी

मी एक जुना पितळी शिक्का आहे. कोल्हापुरात कोर्टाच्या फाटकासमोर नोटरी गणपतरावांचे टेबल आहे, तिथे माझा मुक्काम. मित्रांनो, माझे काम एवढेच की सही करणारा माणूस समोर होता आणि त्याने ती राजीखुशीने केली, याची ग्वाही द्यायची. पंचवीस वर्षे मी ती दिली. शिक्का पडला म्हणजे सरकारचा शब्द मिळाला, असे खेड्यांतले लोक समजत आणि मी फुगून जाई. आता त्या फुगण्याची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी गारगोटीकडून एक जीप आली. तिच्यातून समाजाचे दोन पंच उतरले, राजवीर नावाचा नवरा उतरला आणि सगळ्यांत मागून त्याची बायको ललिता. त्यांच्याकडे रीत अशी की नवराबायकोने देवापुढे जोंधळ्याची काडी दोन्हीकडून धरून मोडायची, की लग्न मोडले. आपल्या कायद्यानेही अशा जुन्या रूढीसाठी एक खिडकी उघडी ठेवली आहे. त्या खिडकीतून काय काय आत शिरते, ते मी त्या दिवशी पाहिले.

'राजीखुशीने लग्न मोडले' असा लिहून आणलेला कागद पंचांनी टेबलावर ठेवला. ललिता पेन हातात धरून म्हणाली, "साहेब, मी काडी मोडलेली न्हाय. माझी मूठ धरून ह्यांनीच मोडली. मला नांदायचं हाय."

"देवापुढं मोडली म्हंजे मोडली," थोरले पंच आकाराम म्हणाले. "देवाचा कायदा कोर्टापेक्षा जुना हाय."

एवढा जुना, तर मग माझ्या दारात कशाला आलात? पण शिक्क्याला कोण विचारतो!

"सही कर, न्हायतर तुझ्या माहेराला वाळीत टाकतो," दुसरा पंच म्हणाला. तिने सही केली. गणपतराव सगळे ऐकत होते. "तुमच्या समाजाची रीत हाय, मी कोण मधी पडणार?" म्हणत त्यांनी मला शाईच्या पॅडवर टेकवले आणि कागदावर दाबले. 'राजीखुशीने' या शब्दाखालीच मी उमटलो. मला स्वतःच्या तोंडाची किळस आली. कुंपणच शेत खाते म्हणतात ना, ते कुंपण मी.

महिन्याभरात राजवीरने दुसरी बायको आणली. ललिताने कोर्टात दावा लावला, की मी अजून त्याची बायको आहे, मला घर आणि पोटगी मिळावी. उत्तरादाखल राजवीरच्या वकिलाने तो कागद पुढे केला.

परवा ती टेबलापाशी आली. "साहेब, त्या दिवशी मी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंय. तेवढंच कोर्टात सांगा की."

"रोज पन्नास माणसं येत्यात, बाई. मला न्हाय आठवत."

ती फाटकाकडे चालू लागली. शी! असल्या हातात मी पंचवीस वर्षे काढली.

मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी करा, असे मी म्हणणार नाही. देवाची रीत ज्याला पाळायची त्याने खुशाल पाळावी. पण तिला कायद्याचा शिक्का देण्याआधी, ती जिच्यावर चालवायची तिचे म्हणणे ऐका आणि ऐकलेले विसरू नका. ललिताचा शब्द न् शब्द मला आठवतो. आणि पुढच्या तारखेला कोर्टात त्या कागदावर मला दाखवणार आहेत ते तिच्याच विरुद्ध.